पटावरची लढाई आणि रसदेचा हिशेब

इतिहास हा शाळेच्या वर्गात शिकविला जातो, अशी आपल्या शिक्षणखात्याची आणि बऱ्याच अंशी आपल्या कार्यकर्त्यांचीही समजूत आहे. म्हणून पाठ्यपुस्तकातला एखादा परिच्छेद गाळला गेला किंवा नवा घुसडला गेला की आपण सभा घेतो, ठराव करतो, निवेदने देतो. ते योग्यच आहे. परंतु भिवंडीच्या धामणकर नाक्यावर यंत्रमागाची दिवसपाळी सुटल्यानंतर चहाच्या टपरीपाशी जी विशी-बाविशीची मुले उभी असतात, त्यांच्यापैकी पुष्कळांचा पाठ्यपुस्तकाशी संबंध आठवी-नववीतच संपलेला असतो. पेशवे, मोगल, निजाम, टोपीकर ही मंडळी त्यांना भेटतात ती मोबाईलच्या पडद्यावर. चित्रपटांच्या तुकड्यांतून, मिरवणुकीच्या गाण्यांतून आणि अलीकडे लढाईच्या डावपेचांच्या खेळांतून. पहिल्या दोहोंविषयी आपल्याकडे थोडेफार लिहिले गेले आहे. तिसऱ्याकडे मात्र पोरखेळ म्हणून दुर्लक्ष झाले आहे. हे दुर्लक्ष परवडणारे नाही, असे माझे मत आहे.

उदाहरणादाखल एकच खेळ घेतो, कारण त्यात आपले पूर्वज प्रत्यक्ष हजर आहेत. ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने २००९ साली काढलेला खेळ. काळ १७०० ते १७९९. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन मोठे रंगमंच. खेळाडूने एखादी सत्ता निवडायची, कर बसवायचे, फौजा उभारायच्या, तह करायचे, मोडायचे आणि प्रांत जिंकायचे. हिंदुस्थानातील सत्तांपैकी मुख्य खेळात खेळाडूला स्वतःकडे घेता येते अशी एकच सत्ता आहे, ती म्हणजे मराठा मंडळ. मोगल आणि म्हैसूरकर हे यंत्राच्या ताब्यात. २०२४ साली हा खेळ मोबाईलवरही आला आणि त्यामुळे महागडा संगणक ज्यांच्या घरी येण्याची शक्यता नव्हती त्यांच्याही हाती पोचला. एका तरुण कार्यकर्त्याने दोन-तीन संध्याकाळी बसून तो मला सविस्तर दाखविला. खेळ देखणा आहे, बुद्धीला ताण देणारा आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. श्रीमंतांवरचा कर आणि गोरगरिबांवरचा कर या खेळात वेगवेगळे ठरवावे लागतात आणि दोहोंचे परिणाम वेगवेगळे दिसतात. एवढी स्पष्टता आपल्या अनेक अर्थमंत्र्यांच्या भाषणांत सापडत नाही.

अशा खेळांवर वाद घालणारी मंडळी ‘ऐतिहासिक अचूकता’ हा शब्द फार वापरतात. पण त्यांचे वाद पाहिले तर ते पगडीच्या घाटाविषयी, निशाणाच्या रंगाविषयी, बंदुकीच्या नळीच्या लांबीविषयी असतात. मराठ्यांना इतके हत्ती कोठून, असा प्रश्न एखादा जाणकार विचारतो, आणि तो रास्त आहे. मराठी फौजेचे बळ हलक्या घोडदळात होते. परंतु हत्ती का आले हे समजावयास इतिहास नको, बाजारपेठ समजली म्हणजे पुरे. खेळ विकत घेणारा मोठा ग्राहक युरोप-अमेरिकेत बसलेला आहे आणि हिंदुस्थान म्हटले की त्याला हत्ती हवा असतो. यावर रागावण्यात अर्थ नाही.

खेळ म्हटला की गाळणे आलेच. आपले बुद्धिबळच पाहा. चतुरंग हा हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सेनेचा खेळ. आणि तो रूढ झाला तेव्हा रणांगणावरून रथ जवळजवळ नाहीसे झाले होते. म्हणजे जन्मतःच तो अचूक नव्हता. पुढे आपल्या पटावर रथाच्या जागी हत्ती आला, हत्तीच्या जागी उंट आला, आणि युरोपात आपल्या वजिराची राणी झाली. या कशानेही कोणाचे नुकसान झाले नाही. दिवाळीत आपल्या अंगणात मुले मातीचा किल्ला करतात. त्यावर अळीव पेरतात, सिंहासनावर महाराज बसवितात, आणि पायथ्याशी मावळ्यांच्या शेजारी हिरव्या गणवेशातला, हातात आजची बंदूक घेतलेला प्लॅस्टिकचा जवान खुशाल उभा करतात. कोणत्याही इतिहाससंशोधकाने त्याला आक्षेप घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मुलाला ठाऊक असते की तो जवान डब्यात होता म्हणून आला.

लढाईच्या खेळाशी समाजवाद्यांचे वाकडे असलेच पाहिजे असेही नाही. फेबियन सोसायटीचे काही काळ सभासद राहिलेले एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले. शिशाचे शिपाई आणि लाकडाची गोळी उडविणारी खेळण्यातली तोफ घेऊन जमिनीवर लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात आहेत. वेल्स यांचे म्हणणे असे की, हा खेळ दोन-चार वेळा खेळलेल्या माणसाला खरे युद्ध किती ढोबळ आणि मूर्ख प्रकार आहे हे कळून चुकते. एका वर्षाने महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्यांच्या उपदेशाचा कितपत उपयोग झाला ते दिसलेच. त्या पुस्तकाच्या परिशिष्टात कर्नल मार्क साइक्स यांचे पत्र आहे. याच साइक्स यांनी पुढे १९१६ साली फ्रान्सच्या पिको यांच्याबरोबर बसून अरबांच्या मुलखाची नकाशावर वाटणी केली. खेळाच्या पटाची सवय झालेल्या हाताला खऱ्या नकाशावर रेघ ओढणे सोपे जात असावे, असा संशय येतो. पण तो संशयच. त्यावर सिद्धान्त उभारू नये.

मुद्दा असा की, खेळातील चूक आणि खेळातील निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण सारा वेळ पहिलीवर भांडतो. गांधीजींचे उदाहरण घ्या. ‘सिव्हिलायझेशन’ या १९९१ पासून चालत आलेल्या अमेरिकन खेळात हिंदुस्थानचे नेते गांधीजी आहेत आणि ते अणुबाँबची धमकी देतात, ही गोष्ट जगभर विनोद म्हणून पसरली. त्याचे कारण म्हणून अशी कथा सांगितली जाई की, मूळ खेळात गांधींच्या आक्रमकतेचा आकडा एकावरून आणखी खाली गेला आणि यंत्राच्या हिशेबातील दोषामुळे तो एकदम दोनशे पंचावन्न झाला. खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात स्पष्ट केले की, असा दोष मुळात नव्हताच. २०१० सालच्या पाचव्या आवृत्तीत मात्र गांधींची अण्वस्त्रांची आवड मुद्दामच कमाल पातळीवर ठेवण्यात आली, गंमत म्हणून. म्हणजे ज्याला जग इतकी वर्षे यंत्राची चूक समजत होते, ते अखेर माणसांनी केलेल्या निवडीमुळे खेळात आले. मला स्वतःला या थट्टेचा फारसा राग आला नाही. बापूंनी ती हसून सोडली असती. थट्टा ही थट्टा म्हणून ओळखू येते, हा तिचा मोठा गुण आहे. खरी हानी ओळखू न येणाऱ्या निवडींनी होते. खेळाडू त्यांना इतिहास समजत नाही आणि नियमही समजत नाही. जगाची रीतच अशी आहे असे समजतो.

आता पुन्हा १७०० सालाकडे या. त्या वर्षी मराठ्यांची स्थिती काय होती? जिंजी १६९८ च्या प्रारंभी पडलेली. खुद्द औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला. मार्च महिन्यात राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि एप्रिलमध्ये सातारा मोगलांच्या हाती गेला. राज्याची सूत्रे ताराबाईंनी घेतली आणि पुढली सात वर्षे औरंगजेबाच्या मरणापर्यंत ती चालविली. नकाशावर एका रंगाने भरून दाखविता येईल असे राज्य या काळात मराठ्यांपाशी नव्हते. किल्ला जात होता, पैसे चारून किंवा छापा घालून परत येत होता. राज्य फिरत होते ते धनाजी जाधवांसारख्या सरदारांच्या घोड्यांबरोबर. खेळाच्या पटावर मात्र मराठ्यांचे प्रांत एका रंगाचे, मोगलांचे दुसऱ्या रंगाचे, आणि मध्ये स्वच्छ सीमारेषा.

ही सीमारेषा युरोपच्या इतिहासातून आलेली आहे. एका भूमीचा एकच धनी, हा तिथला संकेत. आपल्याकडील अठराव्या शतकाचे सारे अर्थकारण या संकेताच्या बाहेर चालत होते. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले. त्यांत स्वराज्याची सनद होती. शिवाय दक्षिणेतील मोगलांच्या सहा सुभ्यांवर चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी, म्हणजे दहावा हिस्सा, घेण्याचा हक्क होता. त्या बदल्यात पंधरा हजार फौज बादशहाच्या चाकरीस द्यावयाची आणि दहा लाखांची पेशकश भरावयाची. आता या व्यवस्थेला काय नाव द्याल? जिंकलेला प्रांत? मांडलिकत्व? मैत्री? वैर? एकाच गावच्या चावडीत निजामाचा अंमलदार बसला आहे आणि मराठ्यांचा कमाविसदारही बसला आहे, पाटील दोघांनाही नमस्कार करतो, आणि दोघांचेही घेणे भागवून कुणब्याच्या घरात काय उरते हे पाहणारा कोणी नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, त्यामुळे मला या दुहेरी अंमलाचे कौतुक लढाईपेक्षा अधिक वाटते, हे कबूल करतो. पण लढाया होत होत्या त्या याच वसुलासाठी. पालखेडची १७२८ ची मोहीम घ्या. बाजीरावांनी निजामाला पुण्याच्या रोखाने असताना मागे खेचून आणले, त्याला त्याच्या तोफखान्यापासून तोडले, धान्य आणि पाणी तोडले. मोठी लढाई न देता त्याला तहाला बसविले. मुंगीशेवगावच्या त्या तहातला मुख्य विषय पुन्हा चौथाई हाच होता. एकही प्रांत रंग बदलत नाही, एकही तुंबळ युद्ध होत नाही, आणि शतकातला सर्वांत मोठा डाव जिंकला जातो. या खेळाच्या नियमांत पालखेड घडूच शकत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. या खेळात वर्षाला दोन खेळ्या असतात, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. युरोपात सैन्ये उन्हाळ्यात लढत आणि हिवाळ्यात मुक्काम करीत, त्यामुळे तिथे ही विभागणी शोभते. आमच्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन होई, हिवाळाभर मोहीम चाले आणि पावसाळ्यापूर्वी फौजा छावणीला परतत. ज्या पावसाने दख्खनचे सारे लष्करी वेळापत्रक ठरविले, तो पाऊसच पटावर नाही. पगडीवर भांडणाऱ्या मंडळींपैकी कोणी ही तक्रार केलेली निदान माझ्या पाहण्यात नाही.

परंतु पाऊस राहिला तर राहिला. ज्या निवडीने मला सर्वांत अस्वस्थ केले ती धर्माची आहे. या खेळात पलटणींची नावे ‘हिंदू बंदूकधारी’ आणि ‘इस्लामी बंदूकधारी’ अशी आहेत. प्रत्येक प्रांतातील धर्मांचे शेकडा प्रमाण दाखविले जाते. राज्यकर्त्याच्या धर्माहून प्रजेचा धर्म निराळा असला की असंतोष आपोआप वाढतो. आणि धर्मप्रचारक पाठवून ते प्रमाण हळूहळू बदलले की असंतोष कमी होतो. नियम करणाऱ्यांच्या मनात काही दुष्ट हेतू होता असे मी मानत नाही. कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या भांडणाचा त्यांच्या घरचा साचा त्यांनी उचलला आणि आपल्यावर बसविला. पण तो साचा वापरून एखादा मुलगा शंभर वर्षांचा डाव खेळतो तेव्हा तो काय शिकतो? परधर्मी शेजारी हा स्वभावतःच बंडखोर असतो, आणि शांततेचा उपाय म्हणजे त्याची संख्या कमी करणे, हे तो शिकतो. कोणी भाषण करून त्याला हे सांगितले असते तर कदाचित त्याने वाद घातला असता. इथे तर डाव जिंकण्यासाठी त्याला ते स्वतःच्या बोटांनी करावे लागते.

आता पानिपतावर प्रत्यक्षात कोण कोणाकडून लढले ते पाहू. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंच्या बाजूने तोफखाना आणि कवायती पायदळ घेऊन उभा होता इब्राहिमखान गारदी. पूर्वी निजामाच्या नोकरीत असलेला, अखेरपर्यंत मराठ्यांशी इमान राखलेला आणि त्यासाठी पकडला जाऊन मारला गेलेला. अब्दालीच्या बाजूला अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या फौजेत होते अनुपगिरी गोसाव्याचे नागा पथक, जटाधारी आणि शस्त्रधारी. यांना ‘हिंदू’ आणि ‘इस्लामी’ अशा खणांत कसे घालणार? त्याआधीचे शिवकाळाचे घ्या. मोगलांच्या वतीने शिवाजीमहाराजांवर चालून आलेले मिर्झाराजे जयसिंह रजपूत होते. महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता, आणि त्याच्या जोडीला मायनाक भंडारी होता. आणि हे आरमार कोठे सुरू झाले? १६५७ साली कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यावर याच खाडीच्या काठी जहाजे बांधण्याचे काम निघाले, आणि त्यासाठी पोर्तुगीज कारागीर पगारावर लावले गेले. पोर्तुगीज सरकारने ते आपल्या माणसांना फूस लावून परत नेले, हा पुढचा भाग. म्हणजे धामणकर नाक्यापासून काही मैलांवर, हिंदू राजाच्या आरमाराचा पाया किरिस्तांव सुतारांच्या हातांनी घातला गेला, आणि त्यावर चढले ते कोळी, भंडारी आणि मुसलमान खलाशी. ही काही सर्वधर्मसमभावाची रचलेली गोष्ट नाही. लाकूड तासणारा आणि शीड ओढणारा माणूस त्या त्या कामाचा जाणकार म्हणून घेतला जात होता, इतकाच त्याचा अर्थ.

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला हा विषय पोरखेळ वाटू शकत नाही. ७ मे १९७० रोजी या गावात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली, आणि अहवालात दिसून आले ते हे की, ती आकाशातून पडलेली नव्हती; मिरवणुकीच्या घोषणांतून, पत्रकांतून आणि संघटनांच्या हालचालींतून ती कित्येक महिने आधीपासून तयार होत होती. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच झाले. दोन्ही वेळा जिवंत माणसांना सतराव्या शतकातल्या एका पटावरचे मोहरे ठरविण्यात आले होते; तू त्या रंगाचा, मी या रंगाचा. याच गावात १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही बाजूंची माणसे गटारे, पाणी आणि रोजची भांडणे यांवर एकत्र बसू लागली, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खेळाच्या नियमानुसार पाहिले तर हे अशक्य आहे. धर्मांचे शेकडा प्रमाण तर चार वर्षांत बदलले नव्हते.

राहिली रसद. ती या खेळात नाही. फौजेचा खर्च तिजोरीतून आपोआप वळता होतो. घोडा काय खातो, बैल कोणाचा, दाणा कोठून येतो, हे कोणी विचारत नाही. सावकार तर औषधालाही नाही. बाजीरावांची पत्रे वाचलेल्या माणसाला हसू येईल, कारण धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिताना त्यांना शत्रूपेक्षा धनकोंची धास्ती अधिक होती असे दिसते. पानिपतावर भाऊंची फौज अडीच महिने खंदकात बसली ती शौर्य संपले म्हणून नव्हे. दोआबातून पैसा आणि धान्य पाठविण्याची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि वाटा बंद झाल्या. राजवाड्यांनी १८९८ साली छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्याच खंडात या मोहिमेची पत्रे आहेत. त्या पत्रांत तलवारीपेक्षा पैसा आणि धान्य यांचाच तगादा जास्त आहे.

आणि या दाण्याच्या मागे माणसे होती. सर्व बाजूंच्या फौजांना बैलांच्या तांड्यांवरून धान्य पोचविणारे लमाण होते. मोगल असो, मराठा असो, इंग्रज असो, लमाणाच्या बैलावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नसे. लोहार, मोची, भिस्ती, स्वयंपाकी, धोबी होते. या सर्वांना आपल्या इतिहासलेखनाने एकच शब्द दिला, ‘बाजारबुणगे’. आणि पानिपताच्या पराभवाचे खापरही पुष्कळांनी त्यांच्या माथी फोडले. इंग्रज कंपनीने त्यांना खेळातून वगळले याबद्दल तिला नावे ठेवण्यापूर्वी आपण त्यांना ग्रंथांतून कसे वगळले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. विणकरांचे तसेच. या खेळात प्रांतात कापडाची कार्यशाळा उभारता येते, ती मोठी करता येते, आणि दर खेळीला संपत्तीचा आकडा वाढतो. विणकराला घर मात्र नसते. धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि तीसहून अधिक जीव गेले. ज्या गावाच्या कापडाचा आकडा सर्वांना हवा असतो आणि ज्याच्या छपरांचा हिशेब कोणाला नको असतो, त्या गावच्या मुलाने तरी असा खेळ खेळताना क्षणभर थांबावे.

रसदेचा विचार आपल्याकडे नव्हता असे कोणी म्हणेल तर त्याने शिवाजीमहाराजांचे चिपळूण भागातील लष्करी अंमलदारांना लिहिलेले, १६७३-७४ च्या सुमाराचे पत्र वाचावे. पावसाळ्याच्या छावणीसाठी जमविलेले दाणा-वैरण सुरुवातीलाच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरात शिरतील, कोणी धान्य, कोणी गवत, कोणी लाकूड ओढून नेईल, आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. असा त्याचा आशय आहे. उंदराने दिव्याची पेटती वात पळवून गवताची गंज पेटू नये इथपर्यंत सूचना आहेत. ज्याला युद्धाचा खेळ रचावयाचा आहे त्याच्यासाठी या एका पत्रात पुरेसे नियम आहेत. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात, आणि पुढे कॉम्रेड पानसऱ्यांनी १९८८ च्या ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तिकेत ज्या राजाची ओळख करून दिली, तो हाच, गवताच्या गंजीचा हिशेब ठेवणारा.

मग अशा खेळांवर बंदीची मागणी करावी काय? मुळीच नाही. ‘इतिहासाचे विकृतीकरण’ ही हाक आपल्या राज्यात कोठे पोचते ते ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत आपण पाहिले आहे; एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावरचा राग हस्तलिखितांवर आणि ग्रंथांवर काढला गेला. अचूकतेची मागणी आणि पूजेची मागणी यांतले अंतर महाराष्ट्रात फार थोडे असते. आपण अचूकतेची मागणी करू गेलो की, दुसऱ्या दिवशी दौलतखानालाच पटावरून काढा असे म्हणणारा जमाव आपल्यापुढे चालू लागेल. कॅनडातील क्री जमातीच्या एका प्रमुखाने २०१८ साली घेतलेली भूमिका मला अधिक पटते. ‘सिव्हिलायझेशन’च्या नव्या आवृत्तीत त्यांच्या पाउंडमेकर या पूर्वजाला जमीन जिंकत फिरणारा नेता म्हणून आणले गेले, तेव्हा त्यांनी वेशभूषेविषयी तक्रार केली नाही, आमच्या लोकांची जगण्याची दृष्टीच जिंकण्याची नव्हती, ती तुम्ही आमच्यावर लादता आहात, असे त्यांनी सांगितले. खेळाच्या मुळाशी असलेल्या गृहीतावर बोट ठेवले, आणि खेळ बंद करा असा दंगा केला नाही.

आपण करण्यासारखी गोष्ट निराळी आहे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा १९४१ पासून खेळांवरच उभ्या राहिल्या. बौद्धिकाआधी मैदान, हा तिथला क्रम होता. मग एक पट आपणच का करू नये? त्यासाठी संगणक लागत नाही, भांडवलही लागत नाही. भिवंडीच्या मागावर निघणाऱ्या कोऱ्या कापडावर तो छापता येईल. खेळाडू चार: एक सरदार, एक लमाणांचा नाईक, एक गावचा पाटील आणि एक सावकार. प्रांतांना रंग नसावेत. प्रत्येक गावावर दोन वसूल असावेत. वर्षाच्या चार महिन्यांत पाऊस असावा आणि त्यांत फौज हलू नये. दोन फौजा एका गावाजवळ आल्या की दाण्याचा भाव दुप्पट व्हावा. पलटणींची नावे कामावरून असावीत, धर्मावरून नव्हे. पहिला डाव पालखेडचा असावा आणि दुसरा पानिपताचा; दुसऱ्यासाठी राजवाड्यांचा पहिला खंड आणि शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ हाताशी घेऊन बसले की नियमांचा मसुदा महिनाभरात होईल. ज्या तरुण कार्यकर्त्याने मला तो इंग्रजी खेळ दाखविला, त्याचे म्हणणे पडले की अशा खेळात तोफांचा धुरळा नसल्यामुळे मुले कंटाळतील. मला तसे वाटत नाही. नाक्यावर सुताच्या भावावरून तासन्‌तास हुज्जत घालणाऱ्या मुलांना लमाण आणि सरदार यांची दाण्यावरची घासाघीस कंटाळवाणी होईल हे संभवत नाही. तो पाटील व्हावयास तयार आहे. सावकाराची जागा मी स्वतःकडे घेतली आहे. लमाणांचा नाईक आणि सरदार यांसाठी पद्मानगर किंवा कामतघरच्या कोणा दोघांनी रविवारी दुपारी वाचनालयात यावे.